सतरा हंगामांत एक खाडा

आमच्या घरी ‘खाडा’ हा शब्द शिवीच्या जवळपास होता. अण्णा साखर कारखान्यात फिटर. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की उन्हाळ्यापर्यंत मिल तीन पाळ्यांत चालायची, आणि त्या पाच-सहा महिन्यांत अण्णांच्या नावापुढे खाडा पडला असं कधी झालं नाही. ताप असो, गावची जत्रा असो, सख्ख्या चुलतभावाचं लग्न असो. माझा जन्म जानेवारीतला, म्हणजे ऐन हंगामातला. बाळंतपण आईच्या माहेरी झालं. अण्णा मला बघायला आले ते हंगाम आटोपल्यावर, एप्रिलात. ही गोष्ट ते अजूनही अभिमानानं सांगतात आणि आई अजूनही तेवढ्या वेळापुरती उठून आत जाते.

हे सगळं पुन्हा वर आलं ते एका अमेरिकन फुटबॉलपटूमुळे. अण्णांना तो खेळ म्हणजे ‘हेल्मेट घालून केलेली चेंगराचेंगरी’ वाटतो. मलाही तेच वाटायचं.

२००६ साली आम्ही टेक्ससमधल्या आयर्विंगला आलो, तेही व्हॅली रँचमध्ये. डॅलसच्या आसपास राहिलेल्या आपल्या लोकांना ही वस्ती वेगळी सांगायला नको. संध्याकाळी फिरायला निघालात तर अर्ध्या घरांतून फोडणीचा वास येतो. पण याच वस्तीत तेव्हा डॅलस काउबॉईज या अमेरिकन फुटबॉल संघाचं मुख्यालय आणि सरावाची मैदानं होती. रस्त्याचं नावच काउबॉईज पार्कवे. मी कितीतरी महिने त्या कुंपणावरून रोज गाडी नेत होते आणि आत काय चालतं याचा पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो शेजारच्या म्हाताऱ्यामुळे. टपाल खात्यातून निवृत्त झालेला, एकटा, आणि दर रविवारी दार उघडं टाकून मॅच बघणारा. एकदा मी चिवड्याची वाटी द्यायला गेले आणि तीन तास बसून राहिले. काही कळत नव्हतं. चेंडू कुठे आहे हे कळायच्या आत शिट्टी व्हायची. तो म्हणाला, “चेंडूकडे बघतेस म्हणून कळत नाही. ब्याऐंशी नंबरकडे बघ. फक्त त्याच्याकडे.”

ब्याऐंशी नंबर म्हणजे जेसन विटन. जागा टाइट एंड.

ही जागा समजावून सांगायची तर मला आमच्याकडचे पोवाडे आठवतात. शाहीर पुढे उभा राहून गातो आणि मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ची झील धरतात. शाहिराचं नाव गावभर होतं, झीलकऱ्यांची नावं पत्रिकेतही नसतात. फुटबॉलमध्येही अशी सरळ वाटणी आहे. काहींनी पळायचं, चेंडू झेलायचा, नाव कमवायचं. काहींनी समोरच्याला छातीनं अडवायचं, म्हणजे मागच्याला वाट मिळते. टाइट एंड हा असा गडी की त्याला दोन्ही करावं लागतं. एका डावात तो झीलकरी, पुढच्याच डावात शाहीर. आणि समोरच्या संघाला आधी कळता कामा नये की या वेळी कोण आहे.

मी ब्याऐंशीकडे बघायला लागले. तो ओळीच्या टोकाला उजवा हात गवतावर टेकवून बसायचा. साडेसहा फुटांचा माणूस, वजन एकशे वीस किलोच्या आसपास. चेंडू हलला की पहिलं पाऊल अगदी छोटं, वीतभर. मग कंबर खाली, दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीत, कोपरं आत. आमच्या सांगलीकडे कुस्तीत खडाखडी चालते तसलं, पण दोन-तीन सेकंदांत निकाल. तेवढ्यात मागून कुणीतरी चेंडू घेऊन त्याच्या खांद्याला घासून पळून जायचा, कॅमेरा त्याच्यामागे जायचा, आणि ब्याऐंशी नंबर जमिनीवरून उठून हातमोजे झटकत असायचा. म्हातारा खुर्चीतून ओरडायचा, “बघितलंस?” पळणाऱ्याबद्दल नाही, ब्याऐंशीबद्दल.

विटनचे आकडे मोठे आहेत. १७ हंगाम, १,२२८ झेल, १३,०४६ यार्ड, ७४ टचडाउन (म्हणजे तितक्यांदा चेंडू गोलरेषेपलीकडे), अकरा वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. तो थांबला तेव्हा झेल आणि यार्ड या दोन्हींत त्याच्या पुढे एकच टाइट एंड होता, टोनी गोन्झालेझ. पण मी सपोर्टच्या नोकरीत असल्यामुळे आकडे उलट बाजूनं वाचायची सवय आहे. २७१ सामन्यांत १,२२८ झेल म्हणजे सामन्याला साडेचार. एका सामन्यात संघ साठ-पासष्ट वेळा तरी चेंडू खेळतो. मग उरलेल्या पन्नासहून जास्त वेळा हा माणूस काय करत होता? अडवत होता, नाहीतर चेंडू आपल्याकडे येणार नाही हे माहीत असूनही येणार असल्यासारखा जीव तोडून पळत होता. त्याची बेरीज कुठल्याही तक्त्यात नाही. माझ्या कामातही सर्व्हर रात्रभर नीट चालला तर सकाळी कुणाचा मेल येत नाही. असो, तुलना फार ताणण्यात अर्थ नाही, मला कुणी छातीवर धडका देत नाही.

तो मूळचा टेनेसीचा, एलिझाबेथटन नावाच्या डोंगराळ भागातल्या लहान गावातला. वडील मारहाण करणारे. तो अकरा वर्षांचा असताना आई मुलांना घेऊन आपल्या माहेरी आली. आजोबा डेव्ह रायडर तिथल्या शाळेचे फुटबॉल कोच. नातवाला घरीही तेच, मैदानावरही तेच. पुढे पैसा आल्यावर विटननं जी संस्था काढली तिचं बरंचसं काम घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायका-मुलांसाठी होतं, हे सांगितलं की पुरे. त्यानं त्या घराबद्दल जितकं सांगितलं त्याहून जास्त मी इथे उकरणार नाही.

टेनेसी विद्यापीठात तो बचावफळीत खेळायला गेला होता. टाइट एंडच्या जागेवरचे खेळाडू जखमी झाले म्हणून त्याला तिकडे हलवलं. म्हणजे ज्या जागेनं त्याचं आयुष्य घडवलं ती त्यानं मागितलेलीही नव्हती. २००३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तिसऱ्या फेरीत, एकोणसत्तराव्या क्रमांकावर काउबॉईजनं त्याला घेतलं. त्याच वर्षी टोनी रोमो नावाचा क्वार्टरबॅकही, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, आला, त्याला तर ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंच नव्हतं.

या दोघांचा एक डाव होता, ‘वाय ऑप्शन’. डावांच्या वहीत टाइट एंडला ‘वाय’ म्हणतात. विटननं सात-आठ यार्ड सरळ पळायचं आणि समोरच्या रक्षकाकडे बघायचं. रक्षक आतल्या बाजूला उभा असेल तर बाहेर वळायचं, बाहेरच्या बाजूला असेल तर आत. तो जागा धरून बसलेला असेल तर दोघा रक्षकांच्या मधल्या फटीत थांबून मागे वळायचं. गंमत अशी की चेंडू विटन वळायच्या आधीच रोमोच्या हातातून सुटलेला असायचा. म्हणजे रोमोनंही लांबून त्याच रक्षकाचे तेच पाय वाचलेले असायचे आणि तोच अर्थ लावलेला असायचा. यात वेगाचा काही संबंध नाही. विटन कधीच वेगवान नव्हता, शेवटी शेवटी तर बैलगाडी आल्यासारखा यायचा. सगळ्यांना माहीत असायचं की आता वाय ऑप्शन आहे, तरी थांबवता यायचा नाही. त्याच्या एका झेलाची सरासरी साडेदहा यार्ड आहे आणि या खेळात चार संधींत दहा यार्ड काढावे लागतात. लागतं तेवढं, वर अर्धा यार्ड शिल्लक. अण्णांना हा हिशेब आवडला असता.

पण मला पहिल्यांदा हा खेळ लागला तो एका हरलेल्या सामन्यात. ६ जानेवारी २००७, सिअ‍ॅटलला प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी. काउबॉईज २१-२० असे एका गुणानं मागे, मिनिट-दीड मिनिट राहिलेलं. रोमोनं चेंडू टाकला, विटननं तो गोलरेषेच्या तोंडाशी झेलला, पंचांनी नव्या चार संधी मिळाल्याचा इशारा केला. म्हातारा उभा राहिला. मग पंचांनी रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं आणि चेंडू थोडा मागे आणून ठेवला. इंचांचा फरक. नव्या संधी गेल्या. आता चेंडू लाथेनं खांबांमधून घालवायचा, इतक्या जवळून तो सहसा चुकत नाही. धरायला रोमो. चेंडू त्याच्या हातातून निसटला. तो उचलून पळाला, पडला, संपलं. त्या रात्रीबद्दल आजही लोक बोलतात ते रोमोच्या हातांबद्दल. त्या आधीच्या झेलात विटन मूठभर पुढे पडला असता तर रोमोला चेंडू धरायची वेळच आली नसती, हे फक्त म्हातारा पुटपुटत होता. चांगल्या अर्थानं की वाईट, ते मी विचारलं नाही.

खाड्याची गोष्ट मला म्हाताऱ्याकडूनच कळली. विटनचा पहिलाच हंगाम, ऑक्टोबर २००३, अ‍ॅरिझोनाविरुद्धच्या सामन्यात त्याचा जबडा मोडला. शस्त्रक्रिया झाली, जबड्यात धातूच्या पट्ट्या बसवल्या. आपल्याकडे जबडा म्हटलं की २००२चं अँटिग्वा आठवणार, कुंबळे डोक्यापासून हनुवटीपर्यंत बँडेज बांधून चौदा षटकं टाकतोय आणि लारा पायचीत. कुंबळे दुसऱ्या दिवशी भारतात परतला. विटननं एक सामना सोडला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हेल्मेटचा पट्टा त्याच हनुवटीखाली आवळला. त्यानंतर अख्ख्या कारकिर्दीत एकही सामना सुटला नाही. १७ हंगाम गुणिले तेव्हाचे हंगामाला १६ सामने म्हणजे २७२. तो खेळला २७१.

मी हे अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा या खेळाबद्दल गप्प बसून ऐकत होते. “एकच खाडा?” “एकच.” “काय नाव म्हणालीस त्याचं?”

२००७च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियात त्यानं चेंडू झेलला, दोघं जण एकदम आदळले, हेल्मेट उडून पडलं आणि हा तसाच उघड्या डोक्यानं पळत राहिला. केस वाऱ्यावर, मागे लागलेले लोक. तो फोटो डॅलसमधल्या निम्म्या केशकर्तनालयांत लावलेला मी पाहिलाय. पुढे २०१०मध्ये नियमच बदलला, चेंडू हातात असलेल्याचं हेल्मेट निघालं की तिथेच खेळ थांबतो. बरं झालं.

कारण मला त्याच्या कारकिर्दीतला एक प्रसंग मुळीच आवडत नाही आणि नेमका त्याचंच कौतुक जास्त होतं. ऑगस्ट २०१२, ओकलंडला हंगामापूर्वीचा सामना, ज्याच्या निकालाला कवडीची किंमत नसते. त्यात धडक बसून त्याची प्लीहा चिरली. प्लीहेतून रक्तस्राव झाला तर माणूस दगावतो. ५ सप्टेंबरला हंगामाचा पहिला सामना होता, मध्ये जेमतेम तीन आठवडे. डॉक्टरांनी परवानगी द्यावी म्हणून तो अखेरपर्यंत मागे लागला, ती मिळाली, आणि तो खेळला. पहिल्या काही सामन्यांत हातातले चेंडू सुटत होते, जे त्याच्या बाबतीत कुणी पाहिलं नव्हतं. मग गाडी रुळावर आली ती अशी की एका सामन्यात १८ झेल, हंगामात ११०. टाइट एंडसाठी तो तेव्हाचा विक्रम, पुढे २०१८ला झॅक अर्ट्झनं मोडला. त्या अठरा झेलांचा सामनाही काउबॉईज हरले, हे जाता जाता.

सगळे म्हणाले, काय जिद्द! मी त्या वर्षी भारतात गेले होते तेव्हा जेवताना हा किस्सा रंगवून सांगितला. अण्णा मान डोलवत होते. आई भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, “कामावर खाडा नाही. आणि घरी पडलेले खाडे कुणी मोजलेत?”

अण्णांनी ताटातलं मीठ इकडून तिकडे केलं. मी विषय बदलला. त्यानंतर विटनबद्दल बोलताना माझं बोलणं पहिल्यासारखं सरळ राहिलं नाही.

काउबॉईजला त्यानं जिंकून काय दिलं, असं कुणी विचारलं तर उत्तर अवघड आहे. २००३ ते २०१७ या पंधरा हंगामांत प्लेऑफचे दोन विजय. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, लांबच राहिला. टेक्सस स्टेडियम, ज्याच्या छताला मधोमध भोक होतं आणि देवाला आपला संघ बघता यावा म्हणून ते ठेवलंय असं इथले लोक म्हणत, ते ११ एप्रिल २०१०च्या सकाळी सुरुंग लावून पाडलं. संघ त्याआधीच आर्लिंग्टनच्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये गेला होता. २०१६ला मुख्यालयही फ्रिस्कोला हललं. व्हॅली रँचची मैदानं ओस पडली. म्हातारा त्याच सुमारास मुलीकडे राहायला गेला. रोमो पाठीच्या दुखण्यानं बाजूला झाला आणि टीव्हीवर समालोचक म्हणून गाजू लागला. विटन मात्र तसाच टोकाला हात टेकवून बसलेला. २०१७च्या पहिल्या सामन्यात त्यानं संघाचा जुना खेळाडू मायकल अर्विन याला मागे टाकलं आणि काउबॉईजसाठी झेलांतून सर्वांत जास्त यार्ड त्याच्या नावावर झाले. वय पस्तीस.

मे २०१८ला त्यानं निवृत्ती घेतली आणि ‘मंडे नाइट फुटबॉल’चा समालोचक झाला. रोमोला जमलं ते यालाही जमेल असं सगळ्यांना वाटलं. नाही जमलं. दोघं मैदानावर एकाच रक्षकाचे पाय वाचायचे, पण वाचलेलं ओठांवर आणणं ही वेगळी कला. वाक्य सुरू करायचा, अर्ध्यात अडकायचा, म्हणींची मोडतोड करायचा. जादूगार टोपीतून ससा काढतो, यानं एकदा तो डोक्यातून काढला. दुसऱ्या दिवशी देशभर हसू. जानेवारीत प्रो बोलची ट्रॉफी द्यायला गेला तर ती हातातच तुटली. मी ते बघताना उशी तोंडावर धरली होती. पंधरा वर्षं ज्या माणसाला बोलावंच लागलं नाही, त्याला दर सोमवारी तीन तास बोलायला बसवलं होतं.

अण्णा निवृत्त झाले त्या हिवाळ्यात मी घरी होते. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि ते अंथरुणात उठून बसायचे. जायचं कुठे नव्हतं. मग अंगणात जायचे, सायकलची चेन पुसायचे, ती तिसऱ्यांदा पुसून झाली की आत यायचे. घरात त्यांना बोलताच यायचं नाही. काय बोलणार, तीस-पस्तीस वर्षं बोलणं झालं ते मिलच्या आवाजावरून ओरडून. पुढच्या हंगामात ते कंत्राटावर परत गेले, निम्म्या पगारावर. आईनं डबा भरून दिला. रागावली नाही, हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं.

फेब्रुवारी २०१९च्या शेवटी बातमी आली, विटन परत खेळणार. मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. सप्टेंबरात पहिल्याच सामन्यात, जायंट्सविरुद्ध, त्यानं टचडाउन केलं. सदतीस वर्षांचा, आणखीच सावकाश झालेला. गोलरेषेजवळ नेहमीसारखा अडवायला गेल्यासारखं केलं, सुटला, वळला, चेंडू हातात. घरात मी एकटीच ओरडले. शेजारच्या घरात आता हैदराबादचं एक जोडपं राहतं, त्यांनी काय झालं म्हणून मेसेज केला.

त्या वर्षी ६३ झेल. पुढच्या वर्षी तो लास व्हेगासच्या रेडर्सकडे गेला. कोविडचा हंगाम, नवंकोरं स्टेडियम, आत एक प्रेक्षक नाही. वर्षभरात १३ झेल. बाकी सगळं अडवणं. तो काळ्या-चंदेरी कपड्यांत बघवत नव्हता हे खरं, पण अडवत नेहमीसारखाच होता, वीतभर पहिलं पाऊल, कोपरं आत. जानेवारी २०२१मध्ये थांबला. आता कायमचा. त्याच वर्षी डॅलसच्या उत्तरेला आर्गाइल नावाच्या गावातल्या शाळेचा कोच झाला, म्हणजे आजोबांच्या जागेवर येऊन बसला म्हणायचं. २०२३ला त्याच्या शाळेच्या संघानं राज्याचं अजिंक्यपदही मिळवलं.

तो थांबल्याची बातमी आली त्या दिवशी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. विमानं बंद-चालू, दोन वर्षं जाणं झालं नव्हतं. तिकडे सकाळ होती, ते अंगणात स्वेटर घालून बसले होते, मागे कारखान्याची चिमणी धूर सोडत होती.

“अण्णा, तो आपला एक खाडावाला थांबला.”

“थांबला? वय काय?”

“अडतीस.”

“हं.” बराच वेळ मला त्यांचा कानच दिसत होता, फोन कानाला लावला होता. मग म्हणाले, “का गं, त्या एका सामन्याला तो नव्हता, तेव्हा काय झालं?”

इतक्या वर्षांत मला हे बघायचं सुचलं नव्हतं. त्यांना फोनवर ठेवूनच मी शोधलं. १२ ऑक्टोबर २००३, टेक्सस स्टेडियम, समोर फिलाडेल्फिया. सुरुवातीलाच फिलाडेल्फियानं चेंडू हळू मारून फसवायला बघितलं, तो काउबॉईजच्या माणसानं उचलला आणि तीन सेकंदांत टचडाउन. शेवटी २३-२१.

“हरले का?” अण्णांनी विचारलं.

“नाही. जिंकले.”

ते काही बोलले नाहीत. पलीकडून आईचा आवाज आला, चहा गार होतोय. अण्णांनी फोन तसाच ओट्यावर ठेवला. मला आभाळ दिसत राहिलं आणि चिमणीचा धूर. कितीतरी वेळानं लांबून त्यांचा आवाज ऐकू आला, आईला सांगत होते, “जिंकले म्हणे.”